काळे तळपाय

मथुरा हल्ली कुणाच्या कातडीकडे बघत नव्हती, आणि नंदाबाईंच्या जिवाला घोर लागला होता तो नेमका याचाच. पोरगी धड जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर भिंतीला टेकून बसते, हे तर शेजारणींनाही दिसत होतं. कातडीचं मात्र फक्त आईला कळण्यासारखं होतं.

एरवी मथुरा घरात शिरली की चप्पल काढायच्या आधी तिची नजर समोरच्याच्या हातांवर, कपाळावर जायची. "बाबा, आज तेल जास्त झालं, कपाळावर उतरलंय." दारावर आलेल्या भाजीवालीचं मनगट धरून म्हणायची, "मावशी, किती कोरडं पडलंय हे. खाजवून खाजवून साल निघंल." शेजारच्या लग्नात सगळ्या बायका नवरीचे दागिने बघत होत्या आणि ही म्हणाली, "एवढी हळद! हिच्यावर आता आठवडाभर माझं काही चिकटणार न्हाई." बायका खो खो हसल्या होत्या. नंदाबाईंना तेव्हा थोडी लाजच वाटली होती.

आता बद्रीनाथ मुद्दाम डोक्यावर तेल थापून लेकीच्या शेजारी जाऊन बसले. तेल कानामागून मानेवर ओघळायला लागलं, तरी मथुरा कॅलेंडरकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ते उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. 

मथुरेचा जन्म एक्क्याऐंशी सालचा, परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. नंदाबाईंचं माहेर ते. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावाने, अप्पारावने, सातवीतच शाळा सोडून औत हाती धरलं, आणि धाकट्या बहिणीला मात्र जालन्याला कॉलेजात घातलं. "पोरीच्या जातीला एवढं शिकवून काय करतो रे?" असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "तिला काय करायचं ते ती करंल. मी इचारनार न्हाई." दर पंधरा दिवसांनी तो एस.टी.ने ज्वारीच्या भाकरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन वसतिगृहाच्या दाराशी उभा राहायचा. नंदाबाई बी.ए. झाल्या त्या या पिठावर. पुढे नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला असलेल्या बद्रीनाथांशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली, तिचं जावळ काढलं ते मामाच्याच मांडीवर. वस्तऱ्याला घाबरून पोरीने आकाशपाताळ एक केलं, मामाचं धोतर ओलं केलं, तरी मामा हलला नाही. हा किस्सा दरवर्षी भाऊबीजेला नव्याने सांगितला जायचा.

मथुरा बारावी सायन्स झाली, मग तपासण्यांचा कोर्स केला आणि स्टेशनजवळच्या एका खाजगी दवाखान्यात छातीच्या पट्ट्या, म्हणजे ई.सी.जी., काढायला लागली. तिथे मणक्याची ऑपरेशनं व्हायला लागली. बाहेरगावचा सर्जन रविवारी यायचा. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या सांगण्यावरून नसांवर लक्ष ठेवणारं एक मशीन घेतलं आणि ते शिकायला मथुराला हैद्राबादला पाठवलं.

परत आली ती वेगळीच होऊन. आल्या आल्या तिने बापाची पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली.

"हे काय गं?"

"बाबा, हलू नका. पाठीत ऑपरेशन चालू असतं ना, तेव्हा पायाकडं जाणाऱ्या नसेला जरा जरी धक्का लागला तरी नडगीचा हा स्नायू थरथरतो. डोळ्याला दिसत न्हाई. इथं चकती चिकटवली की ती पकडते, मशीन कडकड वाजतं, आणि डॉक्टर हात थांबवतात."

"मग चिकटव की. घासतीस कशाला?"

"नसेचा आवाज किती बारीक असतो माहिती आहे? आणि वरची कातडी मेलेली असते. त्यात तेल, घाम, माती. दाराला सात पडदे लावून आतलं कुजबुजणं ऐकायचं म्हटल्यावर कसं ऐकू येईल?"

आधी केस काढायचे. मग स्पिरिटने पुसायचं, सुकू द्यायचं. मग वाळूसारखं खरखरीत मलम कापडावर घेऊन हलक्या हाताने घासायचं. कातडी गुलाबी व्हायला पाहिजे, पण रक्त दिसता कामा नये. जास्त घासलं तर जखम, कमी घासलं तर मशीनला नुसती खरखर. मग जेल, मग चकती, मग वरून चिकटपट्टी. मशीनवर एक आकडा येतो, तो खाली असला म्हणजे दार उघडलं. बद्रीनाथांच्या दोन्ही नडग्यांवर महिनाभर रुपयाएवढी टकलं होती. ऑफिसात पंख्याखाली पँट जराशी वर झाली की सहकारी विचारायचे, "साहेब, उंदरानं कुरतडलं का?" नंदाबाईंच्या मनगटावरही मथुरा हात बसवायची. तिची बोटं इतकी हलकी चालायची की नंदाबाईंना गुंगी यायची.

दवाखान्यात ऑपरेशनची खोली सांभाळणारा महेमूद होता. त्याने तिचं नाव ठेवलं घासबाई. "आ गई घासबाई! मथुराबेन, पेशंटला ऑपरेशनला न्यायचं का कल्हई लावून राह्यल्या तुम्ही?" मथुरा म्हणायची, "महेमूदभाई, तुमच्या टकलावर एकदा हात फिरवते, मग बघा ट्यूबलाइटचा खर्चा वाचंल." पेशंट हसायचे. उद्याच्या भीतीने घट्ट झालेली माणसं हसली की सैल पडतात, हे तिला उमगलं होतं.

घासून झालं की ती त्या जागेवर स्वच्छ पट्टी गुंडाळायची आणि नातेवाइकांना दम द्यायची, "आता हा पाय माझा. ऑपरेशन झाल्यावर परत देते. तोवर तेल न्हाई, व्हॅसलीन न्हाई, हातसुद्धा न्हाई." भोकरदनकडची एक आजी राजूरच्या गणपतीचा अंगारा मुलाच्या पायाला लावायचाच म्हणून हटून बसली होती. मथुराने स्वतः चिमूट घेतली, पेशंटच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "आजी, देव वरून खाली बघतो. कपाळाला लावलं की पायापर्यंत उतरतं." आजी गप्प. नंदाबाईंना हे महेमूदने सांगितलं, तेव्हा आपली पोरगी आपल्यापेक्षा शहाणी निघाली याचा त्यांना केवढा अभिमान वाटला होता.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात अप्पारावची पाठ धरली. मणक्यातली गादी सरकून नसेवर बसली होती. पायातून कळ जायची, बाजेवरून उठता येईना. नंदाबाईंनीच आग्रह धरला. "दादा, दुसरीकडं कुठंच जायचं नाही. तुझी भाची आहे तिथं."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मथुरा सामान घेऊन मामाच्या खाटेशी आली. मामी साळूबाई पायथ्याशी पदर तोंडात धरून बसलेली. मथुराने मामाच्या नडगीवर वस्तरा टेकवला तसा अप्पाराव म्हणाला,

"बघ बघ, कसा उलटा जमाना आला. हिचं जावळ माझ्या मांडीवर काढलं, आज ही माझ्या नडगीचं काढू राह्यली."

"मामा, हलू नका. मी रडले होते तशी तुम्हाला मुभा न्हाई."

"रडली? नुसती रडली न्हाई, धोतर भिजवलं माझं. मीबी भिजवू का तुझी ही गादी?"

"अवो, दवाखान्यात तरी नीट बोला," साळूबाई पदराआडून म्हणाली, आणि हसताहसताच तिला रडू फुटलं.

शेतात राबलेली ती नडगी. कापसाच्या पऱ्हाटीने ओरबाडलेली, भेगाळलेली, उन्हाने चामड्यासारखी झालेली. मथुराने ती निगुतीने, वेळ घेऊन घासली. दोन्ही पायांवर गुलाबी ठिपके उमटले. वर पट्ट्या बांधल्या.

"मामी, ह्या पट्ट्या सोडायच्या न्हाईत. काही लावायचं न्हाई."

"न्हाई माय. मी काहून सोडू?"

नंदाबाई चहा आणायला खाली गेल्या. थर्मास भरून परत आल्या तेव्हा साळूबाई घाईघाईने पिशवीत काहीतरी कोंबत होती आणि अप्पारावच्या पायात लोकरी मोजे चढवलेले होते. खोलीत तुपाचा वास होता.

"दशम्या आणल्यात घरून, तुपातल्या," साळूबाई न विचारताच म्हणाली. "आणि ह्यांचे पाय लई गार पडले, म्हून मोजे घातले."

नंदाबाईंना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. महेमूद ढकलगाडी घेऊन आला. आतल्या खोलीत गारठा असतो म्हणून मोजे तसेच राहू दिले.

बाहेरच्या बाकावर दोघी नणंद-भावजया बसल्या. साळूबाई पोथी म्हटल्यासारखी सारखी पुटपुटत होती. ऑपरेशन अर्ध्यावर आलं असेल तेव्हा दार थोडं उघडलं आणि मथुराचं तोंड दिसलं. तोंडावरचा मास्क खाली ओढलेला, ओठ पांढरे.

"मामी, पायाला काही लावलं होतं का? डावी चकती सुटली. पालथं केल्यावर सुटली, आता चादरीखाली हात घालता येत न्हाई."

"न्हाई गं बाई! हातबी न्हाई लावला!"

दार परत बंद झालं.

दुपारी अप्पाराव शुद्धीवर आला. मोठे डॉक्टर आणि बाहेरून आलेला सर्जन खाटेशी उभे राहिले. सर्जनने मोजे ओढून काढले. "पाऊल वर करा." उजवं वर आलं. "आता डावं." डावं पाऊल गादीवर तसंच पडून राहिलं. "करा वर." अप्पारावने दात आवळले, मांडी हलली, पाऊल नाही हललं.

सगळे पावलाकडे बघत होते. नंदाबाईंची नजर खाली गेली. तळपाय काळे होते.

सर्जनने किल्लीचं टोक तळव्यावरून ओढलं तेव्हा त्यालाही ते दिसलं असणार, पण शेतकऱ्याचे पाय म्हटल्यावर त्याने काय समजायचं? मातीचा काळा वेगळा. तो भेगांमध्ये बसतो, टाचेला गडद असतो. हा काळा सगळीकडे सारखा पसरला होता, काजळीसारखा, तुकतुकीत. असा काळा नंदाबाईंनी लहानपणापासून पाहिला होता. ताप आला, झोप येईना झाली, डोळे जळजळायला लागले, की आई काशाची वाटी घ्यायची, तळपायाला तूप लावायची आणि वाटी उलटी धरून घासत बसायची. काशाचा आणि तुपाचा मिळून तळवा काळा पडायचा. "बघ, किती उष्णता उतरली," आई म्हणायची. ती वाटी आईमागे साळूबाईकडे आली होती. पिशवीत कोंबलं ते काय होतं, तुपाचा वास कशाचा होता, मोजे कशासाठी होते, हे सगळं नंदाबाईंच्या डोळ्यासमोर एकदम उभं राहिलं. तळपाय घासून झाल्यावर उरलेलं तूप वर नडग्यांना चोळतात. कुणीही चोळतं. टाकून थोडंच देतात?

त्यांनी साळूबाईकडे पाहिलं. साळूबाईने पायांवर चादर ओढली.

"डावीकडची चकती सुटली होती," मोठे डॉक्टर मथुराकडे वळून म्हणाले. "कातडी नीट तयार केली नव्हती?"

"केली होती, सर. पट्टी सोडल्यावर बोळा घसरायला लागला. तेलकट होतं. मी परत पुसलं, घासलं, आकडा खाली आला तेव्हाच चकती लावली. पण भोवती चिकटपट्टी धरेना." ती मामाकडे वळली. आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "मामा, सांगा ना. काही लावलं होतं?"

नंदाबाई भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दादा बोलेल. साळूवहिनीचं ठीक आहे, ती घाबरली. दादा आत्ता बोलेल. त्याने आयुष्यात खोटं सांगितलेलं त्यांना आठवत नव्हतं.

अप्पारावने डोळे मिटले. "काय बी लावलं न्हाई," तो म्हणाला. "जशी पोरीनं बांधली तशीच होती पट्टी."

 मथुराने मान खाली घातली, आणि ज्या हाताने मामाची नडगी घासली होती तो हात पाठीमागे लपवला.

त्या दिवसापासून तिला पेशंटला हात लावू दिला नाही. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी दवाखान्याची बैठक होती. महेमूद घरी येऊन सांगून गेला की तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवणार आणि मशीन दुसऱ्या कुणाला तरी शिकवणार. "मथुराबेन, मैं बोला साब को, इस लडकी का हाथ बराबर है. पण आपली कोण ऐकतो?" तो पायरीवरच चहा पिऊन गेला. आज घासबाई म्हणाला नाही.

नंदाबाईंनी लेकीला तळपायांचं सांगितलं. वाटलं, ती उसळेल. ती म्हणाली, "मला माहिती आहे, आई. तूपच होतं ते. हाताला वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मामा खोटं बोलला. त्याच्यापुढं उभं राहून मी म्हणू, खोटं बोलतो म्हणून?" ती म्हणाली, "आणि वायर टिकली असती तरी पाय वाचलाच असता, असं कुणी छातीठोक सांगू शकत न्हाई. कदाचित काही महिन्यांनी पाऊल उचलंलसुद्धा. जाऊ दे. त्याचं दुखणं त्याच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

"तुझं काम जाईल, मथू."

"गेलंच की." तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि ओढणीखाली घेतले. "आई, आता कुणाला हात लावायचा म्हटलं की वाटतं, हा माणूस पण म्हणंल, हिनंच केलं."

ही गोष्ट नंदाबाईंच्या काळजाला लागली. खिडकीवर बसली तरी पोटाला मिळेल. पण ज्या पोरीच्या बोटांनी घाबरलेली माणसं सैल व्हायची, तिला माणसाच्या अंगाचीच भीती वाटायला लागली, तर ती जगेल कशी? शनिवारी सकाळी त्यांनी परतूरमार्गे जाणारी एस.टी. धरली आणि आष्टी गाठली.

अप्पाराव ओसरीवर बाजेवर बसला होता. बाजूला काठी. बहिणीला बघून तोंड उजळलं, मग लगेच बावरलं.

"ये नंदे. एकटीच? बस, बस. अगं, चहा टाक, नंदा आलीय."

आत भांड्यांचा आवाज झाला. नंदाबाई बसल्या नाहीत.

"दादा, आईची काशाची वाटी कुठं आहे?"

आतला आवाज थांबला.

"काहून? तुला पायजे का? घेऊन जा की."

"वाटी नको मला. तू दवाखान्यात जे बोललास ते परत घे. सोमवारच्या आत डॉक्टरांना एक फोन कर. एवढंच पाहिजे."

अप्पाराव काठीच्या टोकाने शेणाच्या सारवणावर रेघा ओढत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "हिनं काय वाईट मनानं केलं का? मी थरथर कापू राह्यल्तो. पाय बर्फावानी झाल्ते. म्हनाली, जरा वाटीनं घासून देते, जीव थंडावंल. खरं सांगू का, बरं वाटलं मला. उरलं तूप वर चोळलं तिनं. नेहमीसारखं."

"पट्टी सोडून."

"पट्टी परत तशीच बांधली ना."

"म्हणूनच तिला आत गेल्यावर, ऐन वेळी कळलं! नुसतं सांगितलं असतंस, तर मथुराने दुपारपर्यंत घासलं असतं, नाही तर ऑपरेशन पुढं ढकललं असतं. बरं, तेव्हा नाही तर नाही. नंतर? पोरगी तुझ्यापुढं उभी राहून विचारत होती, दादा."

"नंतर कसं सांगनार? पाऊल उचलत नव्हतं माझं! त्या टायमाला मी म्हनलो असतो का, हिनं केलं? सगळी भावकी काय म्हनली असती? बायकोनं नवऱ्याला लंगडा केला. उठता बसता ऐकवलं असतं. ती विहीर जवळ करनारी बाई हाय, तुला ठावं हाय."

"आणि माझ्या मुलीने ऐकायचं?"

"तुझी मुलगी शिकेल हाय. तिला दुसरा दवाखाना मिळंल. हिला या वयात दुसरं घर मिळंल का?" त्याने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हेच नंदाबाईंना सहन होईना. "मथू आपलीच हाय, नंदे. माझ्या मांडीवर जावळ निघालं तिचं. आपल्याच माणसानं समजून घ्यायचं असतं. परक्याला थोडंच सांगनार हाय मी, समजून घे म्हनून?"

 साळूबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होती, पुढे येत नव्हती. तिच्याकडे बघून नंदाबाईंचा राग क्षणभर निवलासुद्धा. बाई वाळून अर्धी झाली होती. नवऱ्याच्या मायेपायी तिच्या हातून घडलं आणि आता तिला ते गिळताही येत नव्हतं. नंदाबाई चहा घेऊन निघाल्या. वाटेत मनात म्हणत होत्या, मथुरा म्हणते तसंच करावं का? सोडून द्यावं? कॉलेजच्या दाराशी पिठाची पिशवी घेऊन उभा असलेला दादा डोळ्यापुढून हलत नव्हता. त्या पिठाला जागायचं तर गप्पच बसायला हवं होतं.

बस स्टँडवर कचरूची चहाची गाडी होती. कचरू नंदाबाईंच्या शाळेतला. त्याने फळकूट पुसून बसायला जागा दिली.

"नंदाताई, लई वाईट झालं बघा अप्पारावांचं. चांगला चालता-बोलता गडी." त्याने जरा मान खाजवली. "राग मानू नका, पन पोरींच्या हातात मोबाईल देऊच नये."

"कसला मोबाईल?"

"न्हाई, म्हंजे... तेच सांगू राह्यल्ते ना पारावर. ऑपरेशन चालू, आन् भाची आपली फोनवर बोलू राह्यल्ती म्हने. वायर सुटली तरी पत्ता न्हाई. मामा म्हून दावा केला न्हाई, असं म्हनले. मोठ्या मनाचा मानूस."

"कोण सांगत होतं? वहिनी?"

"साळूबाई कशाला पारावर येतील? अप्पारावच की."

मथुराकडे मोबाईल नव्हताच. घरात एकच फोन होता, बैठकीत, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला.

एस.टी. परतूर ओलांडून जालन्याच्या वाटेला लागेपर्यंत नंदाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. गप्प बसणं त्यांना समजलं होतं. बायकोला झाकण्यासाठी माणूस गप्प बसतो, खोटंही बोलतो. पण पारावर बसून, चहा पिताना, कुणी विचारलेलं नसताना, दादाने आपल्या भाचीच्या हातात नसलेला फोन ठेवला होता. नुसतं लपवणं पुरलं नाही, म्हणून त्याने गोष्ट रचली. आणि वरून क्षमा केल्याचा मोठेपणाही घेतला. ओसरीवर डोळ्यांत पाणी आणणारा आणि पारावर हे सांगणारा, दोन्ही एकच दादा. 'परक्याला थोडंच सांगनार हाय मी.' परक्यांना तर सगळं सांगून झालं होतं. फक्त खरं तेवढं घरात ठेवलं होतं.

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बद्रीनाथ ऑफिसातून यायचे होते. मथुरा भिंतीला टेकून बसलेली. नंदाबाईंनी पाय धुतले, हात पुसले आणि फोनवरचा क्रोशाचा रुमाल बाजूला केला.

"मामाला लावतीस?" मथुराने विचारलं. "नको ना. कशाला?"

आष्टीचा नंबर नंदाबाईंना तोंडपाठ होता. बोट सवयीने त्याच आकड्यावर गेलंसुद्धा. त्यांनी ते उचललं. दवाखान्याचा नंबर दाराआड खडूने लिहिलेला होता. मथुरा कामाला लागली त्या दिवशी बद्रीनाथांनीच लिहिला होता.

"तुझ्या डॉक्टरांना लावते. तळपाय काळे होते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि दादाने आज तोंडाने कबूल केलंय, तेही सांगणार आहे. सोमवारी बैठकीत येऊन बसायला सांगितलं तर जाईन."

"आई, मामा पुन्हा आपल्या दारात यायचा न्हाई. भाऊबीज..."

"येणार नाही."

"मामीचं काय होईल?"

नंदाबाईंचा हात थांबला. उंबऱ्यात कप धरून उभी असलेली साळूबाई त्यांना दिसली. "वहिनीने मायेने केलं, हे पण सांगेन," त्या म्हणाल्या. "तिला मुद्दाम काही करायचं नव्हतं, हे सांगेन. पण केलं, हे सांगेन. पारावर मोबाईलचं सांगितलंय त्याने, मथू. तुझ्या मोबाईलचं."

"माझ्या?" मथुरा भिंतीपासून सुटी झाली. "माझ्याकडं कुठं आहे मोबाईल?"

"तेच तर."

 मथुरा उठून आईजवळ आली, आणि रिसीव्हर धरलेल्या हाताकडे, प्रवासाच्या धुळीने मळलेल्या मनगटाकडे बघत उभी राहिली.

नंदाबाईंनी नंबर फिरवला. घंटा वाजायला लागली.